ओतीव अ‍ॅल्युमिनियमचा फूट स्विच : लहान यंत्रांना थेट, मोठ्या मोटरला कॉन्टॅक्टरमार्फत

दोन्ही हात कामाच्या तुकड्यावर असावेत आणि यंत्र मात्र हवे त्या क्षणी सुरू किंवा बंद व्हावे, यासाठी मी ओतीव अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाचा, वर संरक्षक झाकण असलेला फूट स्विच घेतला आणि तो स्क्रोल सॉसाठी, म्हणजे बारीक पात्याने वळणदार काप घेणाऱ्या करवत यंत्रासाठी, वापरत आहे. पेडल दाबलेले असेपर्यंतच यंत्र चालते. एकदा दाबल्यावर सुरू आणि पुन्हा दाबल्यावर बंद होणारा प्रकारही मिळतो, परंतु गडबडीच्या क्षणी पेडल शोधून ते पुन्हा दाबावे लागणे मला धोक्याचे वाटते, म्हणून तो मी विचारातही घेतला नाही.

कवच भक्कम आहे, वजनामुळे स्विच जागचा हलत नाही, आणि झाकणामुळे वरून एखादी फळी पडली तरी पेडल दाबले जात नाही. आत एक मायक्रोस्विच असून त्याला सामाईक, एरवी उघडे आणि एरवी बंद असे तीन संपर्क आहेत. यंत्रासाठी पहिले दोनच वापरायचे. ते कोणते, हे जोडणीपूर्वी मल्टीमीटरने तपासून घ्यावे.

हत्यार न उघडता जोडणी करता येते, ही मला विशेष आवडलेली गोष्ट. प्लग, तीन तारांची केबल, मध्ये फूट स्विच आणि पुढे सॉकेटची पेटी, इतकेच त्यात आहे. स्विचमधून फक्त फेजची तार जाते. न्यूट्रल आणि अर्थ अखंड पुढे जातात, आणि अर्थची एक शाखा कवचाच्या स्क्रूला जोडावी लागते. माझ्या स्विचमध्ये त्या स्क्रूखाली रंगाचा थर होता. तो खरवडल्याशिवाय धातूशी खात्रीचा संपर्क होत नाही, आणि ज्या वस्तूवर पाय ठेवायचा तिच्या बाबतीत ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही. केबल कवचात शिरते तिथे तिला घट्ट धरणारा केबल ग्लँडही सैल होता, म्हणून मी तो बदलला. जिथे प्लग उलटसुलट कसाही बसतो, तिथे फेज कोणत्या तारेत येईल याचा भरवसा नसल्याने दोन्ही तारा तोडणारा स्विच घ्यावा.

खरेदीदाराची फसगत होते ती लेबलावर. तिथे ठळकपणे १० अ‍ॅम्पिअर लिहिलेले आहे, मात्र हा आकडा संपर्क न तापता सतत किती प्रवाह वाहू शकतो एवढेच सांगतो. त्याखाली बारीक अक्षरात एसी-१५ या वर्गासाठी ३ अ‍ॅम्पिअर दिलेले आहेत, आणि तो वर्ग कॉन्टॅक्टरच्या (कॉइलच्या चुंबकाने मोठा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलसारख्या विद्युतचुंबकीय भारांसाठी आहे. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह ओढते, शिवाय बंद होताना संपर्कांमध्ये ठिणगी पडते. वारंवार असे झाल्यास संपर्क जळतात किंवा एकमेकांना चिकटतात, आणि मग पाय उचलूनही यंत्र थांबत नाही. स्क्रोल सॉ किंवा छोट्या रोटरी हत्यारापुरती थेट जोडणी मला मान्य आहे. त्याहून मोठ्या मोटरसाठी फूट स्विचने केवळ कॉन्टॅक्टरची कॉइल चालवावी, आणि तो कॉन्टॅक्टर मोटरच्या पूर्ण प्रवाहाला पुरेल अशा एसी-३ (मोटर चालू-बंद करण्यासाठीचा वर्ग) क्षमतेचा असावा. तो खर्च टाळण्यासारखा नाही.

वीज गेल्यावर आपोआप बंद पडणारा आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय सुरू न होणारा सुरक्षा स्विच ज्या यंत्राला आहे, त्याच्या पुरवठ्यात हा फूट स्विच घातल्यास यंत्र पायाने फक्त थांबेल, सुरू होणार नाही. त्यासाठी तो सुरक्षा स्विच काढून टाकण्याचा विचारही करू नये.

लहान यंत्रांसाठी मी हा फूट स्विच निःसंकोचपणे सुचवेन, मात्र आपत्कालीन स्विच म्हणून त्याच्यावर विसंबू नये. दचकलेला माणूस कधी पाय उचलतो, तर कधी पेडल अधिकच जोराने दाबून धरतो. त्यामुळे यंत्राचा मुख्य स्विच हाताच्या टप्प्यातच असला पाहिजे. पाते किंवा बिट बदलताना तर प्लगच काढावा, कारण हत्याराचे स्वतःचे बटण या व्यवस्थेत कायम चालू स्थितीत असते.