सरकारी, अनुदानित की विनाअनुदानित? गोव्यात शिक्षक होणाऱ्यांसाठी

डी.एल.एड. किंवा बी.एड. झालेले बहुतेकजण आधी पगार विचारतात. आमचं सांगणं, आधी पटसंख्या विचारा. खासगीकरणाचा पहिला फटका सरकारी शिक्षकाच्या पगाराला नव्हे, हजेरीपटाला बसतो.

खासगी संस्था मुलाला पूर्वप्राथमिकलाच घेते आणि पुढे तिथेच ठेवते. खासगी अनुदानित शाळांना मुलांची ने-आण करणाऱ्या बालरथ बस मिळाल्या. 2011मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला. वाड्यावरच्या सरकारी मराठी-कोकणी शाळेत मग मोजकीच मुलं उरतात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे प्राथमिकला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक हवेत, तरी सत्तरी-सांग्यासारख्या भागांत एकशिक्षकी शाळा आहेत. तिथे पहिली ते चौथी एकाच खोलीत. पहिलीला अक्षरं गिरवायला देऊन चौथीचा भागाकार घ्यायचा, मध्येच माध्यान्ह आहाराची नोंद आणि यू-डायसची (शाळेच्या सरकारी ऑनलाइन नोंदीची) माहिती. मुख्याध्यापकाचा चार्जही तुमच्याकडेच. अचानक रजा पडली तर शाळा उघडणार कोण, हा प्रश्न. म्हणून भागशिक्षणाधिकाऱ्यांना आधीच कळवून बदली शिक्षक मागावा. जनगणना आणि निवडणुकीच्या कामाला शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 मुभा देतं, त्यामुळे ते टाळता येत नाही. ‘दहा मुलांना शिकवायला सरकारी पगार’ हे लोकांचं बोलणं अन्यायाचं आहे. पट आणखी घसरला की शाळेचं दुसऱ्या शाळेत विलीनीकरण. कायम शिक्षकाची नोकरी राहते, गाव मात्र बदलतं.

अनुदानित शाळेत पगार सरकारी अनुदानातून येतो, पण नेमणूक व्यवस्थापन करतं. पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाची मान्यता हाती येईपर्यंत त्या पगाराचा भरवसा धरू नका. पद मंजूर आहे का, कोणाच्या निवृत्तीने रिकामं झालं, हे लेखी विचारा. तुकडी तुटली तर इथेही शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि नव्याने आलेल्याचा नंबर आधी लागतो. बहुवर्गाची ओढाताण टाळायची असेल, तर मंजूर पदावरची ही नोकरी आम्हाला सर्वांत बरी वाटते.

विनाअनुदानित शाळेत पगार फीमधून निघतो. प्रवेश कमी झाले की झळ थेट तुम्हाला. 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर भविष्यनिर्वाह निधी लागू होतो, तेव्हा पगारपत्रकात 12 टक्के कपात दिसते का ते पाहा. कायम नोकरीत सलग 5 वर्षं भरल्यावर ग्रॅच्युइटी शिक्षकांनाही मिळते: शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता गुणिले 15, भागिले 26, गुणिले सेवेची वर्षं. उन्हाळी सुट्टी वगळून करार देत असतील, तर सेवा सलग धरणार का, हे सहीआधी लिहून घ्या.