वर्ष उलटलं म्हणून ‘दिल्लीतल्या माणसा’कडे जाऊ नका

1,07,500 रुपये आणि वर 180 पौंड. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या लेकीच्या भारतीय नागरिकत्वासाठी एजंटला एवढे मोजून हातात पडला तो एक रंगीत प्रिंटआउट. सांगायला लाज वाटते, पण ओळखीतली आणखी दोन घरं याच वाटेवर निघालेली दिसली, म्हणून लिहिते.

असे एजंट आपल्या अर्धवट माहितीवर जगतात. 3 डिसेंबर 2004 पासून परदेशात जन्मलेलं मूल, आईबाप दोघं भारतीय असले तरी, आपोआप भारतीय ठरत नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 प्रमाणे जन्माची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे दार बंद होत नाही, फाईल लांबच्या वाटेनं जाते, एवढंच.

आणि इंग्लंडमध्ये वर्ष उलटायला काही लागत नाही. वर्क व्हिसावरच्या आईबापांचं इथे जन्मलेलं मूल ब्रिटिश नसतं, पण देशाबाहेर जायचं नसेल तर त्याला व्हिसाही काढावा लागत नाही. जीपी म्हणजे सरकारी फॅमिली डॉक्टर होतो, लसी होतात, नर्सरी होते. पासपोर्ट कुणी विचारत नाही. याला निष्काळजीपणा म्हणायचं तर म्हणा. आम्ही भारताची तिकिटं बघायला बसलो तेव्हा लेक चौदा महिन्यांची होती.

एजंट मराठीच. “ताई, वर्ष झालं ना, आता इथे कुणी हात लावणार नाही. दिल्लीत गृहमंत्रालयात आपला माणूस आहे, एकवीस दिवसांत ऑर्डर.” फाईल उघडायचे 45,000, परवानगीचे 62,500, दोन्ही कुणाच्या तरी खाजगी यूपीआयवर. लंडनच्या ‘व्हेरिफिकेशन’चे 180 पौंड वेगळे. खरं तर उशिराचा अर्जसुद्धा वकिलातीतच द्यायचा असतो आणि तिथूनच तो गृहमंत्रालयाकडे जातो. तिला टाळून जाणारी वाटच नाही. वकिलातीत जाऊ नका म्हणणारा माणूस तिथल्या तिथे सोडा.

खरा अर्ज सरकारी संकेतस्थळावर स्वतः भरता येतो. पत्त्याचा शेवट ‘एनआयसी डॉट इन’ किंवा ‘जीओव्ही डॉट इन’ आहे ना, तेवढं आधी बघा. भरला की फाईल नंबर मिळतो आणि त्यावरून अर्ज कुठवर आला ते दिसतं. आमच्या एजंटनंही नंबर दिला होता. टाकला तर नोंदच सापडेना. “सर्व्हर अपडेट व्हायचाय ताई.” मानलं.

चौथ्या आठवड्यात पीडीएफ आली. सिंहमुद्रेखाली ‘सत्यमेव जायते’. जयते नव्हे, जायते. मराठी शाळेत शिकलेली मी, ते मोठं करून पाहिलं आणि मनाशी म्हटलं, फॉन्ट फुटला असेल! खाली कलम 6 चा उल्लेख. कलम 6 म्हणजे भारतात वर्षानुवर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला मिळणारं नागरिकत्व. भारत न पाहिलेल्या चौदा महिन्यांच्या पोरीला! हेही वाचलं होतं मी. पण 1,07,500 गेलेले असले की माणूस कागदावर विश्वास ठेवायला कारणं शोधतो.

नोंदणीच्या फॉर्म 1 वर आईबाप दोघांच्या सह्या लागतात, कोऱ्या फॉर्मवर सही देऊ नका. जन्मदाखला आईबापांची नावं असलेला, पूर्ण हवा. इंग्लंडचा छोटा दाखला कामाचा नाही. मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं, ते एजंटला भरू देऊ नका. खोटं निघालं तर सही तुमची असते. नोंदणी आणि पासपोर्ट ही दोन वेगळी कामं आहेत. ‘पॅकेज’ म्हटलं की सावध व्हा.

आता तक्रारीचं. इथे इंग्लंडमध्ये तक्रार केली तर सांगितलं, पैसे भारतातल्या खात्यात गेले, तिकडे जा. पुण्यात भाऊ ठाण्यात गेला. “तक्रारदार कुठंय? लंडनला? मग गुन्हा लंडनचा.” शून्य एफआयआर, म्हणजे दुसऱ्या हद्दीतल्या गुन्ह्याची तक्रार, कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, हे भावानं कलमासकट सांगितलं. उत्तर मिळालं, साहेब बंदोबस्ताला गेलेत. तिसऱ्या खेपेला नुसता अर्ज घेतला, पोच दिली नाही. बँक म्हणाली, ओटीपी चोरीला गेला नाही, पैसे तुम्हीच पाठवलेत. फसवणाऱ्यापेक्षा फसलेल्यालाच जास्त प्रश्न! भारतातून पैसे गेले असतील तर घरच्यांना त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. आम्ही सात आठवडे ‘सर्व्हर अपडेट’ व्हायची वाट पाहत बसलो, तोवर खातं रिकामं झालं होतं.

खरा अर्ज आता दिलाय. उशिराचं कारण लिहायच्या पत्रात हे सगळं लिहिलं होतं. काउंटरवरच्या बाईंनी पान उलटून परत सरकवलं. “हे चौदा महिन्यांनंतरचं आहे. आधीच्या चौदा महिन्यांचं कारण लिहा.”