एसट्रेस : सॉकेटवरचे रीड-राइट उघड करून दाखवणारे साधन

सी भाषेत सॉकेटवर, म्हणजे प्रोग्रामला नेटवर्कशी जोडणाऱ्या टोकावर, काम करणाऱ्याला कोड वाचून जे कळत नाही, ते लिनक्सवरील एसट्रेस हे मोफत साधन काही क्षणांत दाखवते. पॉल क्रानेनबर्ग यांनी १९९१ मध्ये ते मुळात सनओएस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिले. प्रोग्राम कर्नेलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, सिस्टिम कॉलद्वारे जी जी मागणी करतो, ती तिच्या रिटर्न व्हॅल्यूसकट (परत आलेल्या उत्तरासकट) एकेका ओळीत छापणे, हे त्याचे मुख्य काम आहे.

माझा एक छोटा सर्व्हर ४०९६ बाइटांचा संदेश घेत असे. दोन्ही बाजू एकाच संगणकावर चालवल्या की सगळे सुरळीत चाले. क्लायंट घरातल्या दुसऱ्या संगणकावर नेला की अधूनमधून संदेशाच्या शेपटाला भलतीच अक्षरे येत. दोन संध्याकाळी कोड चाळूनही चूक सापडेना. शेवटी एसट्रेस लावला, तेव्हा रीड या डेटा वाचणाऱ्या कॉलच्या ओळीत मागणी ४०९६ ची आणि बरोबरच्या चिन्हापुढे आकडा १४४८ चा दिसला. इथरनेटवरून एका वेळी जाणाऱ्या १५०० बाइटांतून आयपी व टीसीपी या नेटवर्कच्या नियमसंचांच्या हेडरचे चाळीस आणि टाइमस्टॅम्पचे बारा वजा केले की नेमके १४४८ उरतात. म्हणजे पहिला सेगमेंट (टीसीपीने पाठवलेला तुकडा) पोहोचताच रीड परतला होता आणि उरलेला बफर (डेटा साठवण्याची जागा) मी न तपासता वापरत होतो. टीसीपी हा बाइटांचा प्रवाह आहे, त्यात संदेशांच्या सीमा नसतात, हे वाक्य मला आधीपासून पाठ होते. त्याचा अर्थ त्या आकड्याने समजावला. आता मिळालेले बाइट मोजत, पॉइंटर पुढे सरकवत, पूर्ण संदेश येईपर्यंत किंवा शून्य परत येईपर्यंत रीडचे लूप चालते.

राइटच्या बाबतीतही हे साधन तितकेच उपयोगी आहे. समोरच्याने कनेक्शन बंद केल्यावर केलेले पहिले राइट बहुधा यशस्वी दिसते, कारण डेटा फक्त कर्नेलच्या बफरमध्ये गेलेला असतो. तिकडून रीसेट (कनेक्शन मोडल्याचा निरोप) आल्यानंतरच्या राइटला ईपाइप ही चूक मिळते आणि लगेच खालच्या ओळीत सिगपाइप, म्हणजे एरवी प्रोग्राम संपवणारा सिग्नल, उमटतो. एकही संदेश न देता सर्व्हर का मरतो, याचे उत्तर त्या दोन ओळींत असते.

मात्र नवख्याची फसगत होईल अशा काही गोष्टी यात आहेत. फक्त नेटवर्कचे कॉल दाखवणारा नेटवर्क हा फिल्टर लावला तर रीड आणि राइट दिसतच नाहीत, कारण ते त्या गटात मोडत नाहीत. त्यांची नावे वेगळी द्यावी लागतात. उलट, कोडमध्ये रिसीव्ह लिहिले असले तरी नेहमीच्या ६४-बिट संगणकावर ओळ रिसीव्हफ्रॉमची येते. मजकुराची पहिली ३२ अक्षरेच छापली जातात, म्हणून एस हा पर्याय वापरून ती मर्यादा वाढवावी. दुहेरी वाय हा पर्याय दिल्यास डिस्क्रिप्टरच्या, म्हणजे सॉकेटची ओळख असलेल्या, आकड्याशेजारी दोन्ही टोकांचे पत्ते दिसतात, आणि अनेक कनेक्शन असताना त्यावाचून अजिबात निभत नाही. प्रत्येक सिस्टिम कॉलपाशी प्रोग्राम थांबवला जात असल्यामुळे वेग बराच घटतो. गर्दीच्या सर्व्हरवर हे साधन मी चालवणार नाही. तारेवर प्रत्यक्ष काय गेले हेही ते सांगत नाही, त्यासाठी नेटवर्कवरची पॅकेट टिपणारा टीसीपीडम्पच हवा.

मला सर्वांत मोलाची वाटलेली सोय म्हणजे इंजेक्ट, म्हणजे कॉलमध्ये मुद्दाम चूक घुसवणे. तिसऱ्या राइटला ईइंटर (सिग्नलमुळे कॉल मध्येच तुटल्याची चूक) परत करायला सांगता येते, आणि एरवी महिनोन्‌महिने न घडणारी चूक आपला कोड कशी हाताळतो ते तिथल्या तिथे पाहता येते. माझे लूप पहिल्या चाचणीत तिथेच तुटले.