जेएसएफचा ‘व्ह्यू एक्स्पायर्ड’: काही महिन्यांच्या वापरानंतर

जेएसएफवर, म्हणजे जावामध्ये वेब पानं बनवायच्या फ्रेमवर्कवर, काम करणाऱ्या प्रत्येकाला व्ह्यूएक्स्पायर्डएक्सेप्शन माहीत असतो: भरलेलं पान पाठवल्यावर त्याची जपून ठेवलेली स्थिती सापडली नाही की येणारा एरर. त्यावर जो तो एकच औषध सांगतो: सेशनची, म्हणजे लॉगिन झालेल्या माणसासाठी सर्व्हर धरून ठेवतो त्या माहितीची, मुदत वाढवा. आमच्याकडे या औषधाने आजार होता तसाच राहिला, वर खर्च वाढला.

एका पतसंस्थेच्या कर्जखात्यांचं काम आम्ही टॉमकॅट हा जावाचा वेब सर्व्हर आणि मोजारा 2.3 हे जेएसएफचं इम्प्लिमेंटेशन यांवर चालवतो, स्टेट (पानाची स्थिती) सर्व्हरवर ठेवून. मार्चअखेरीला वसुलीची गर्दी झाली आणि तक्रारी सुरू झाल्या. हप्ता भरून ‘जमा करा’ दाबलं की एरर. होस्टिंग सांभाळणाऱ्यांनी 30 मिनिटांची मुदत 8 तासांवर नेली आणि पाठोपाठ जादा रॅमचं कोटेशन धाडलं. एरर तेवढेच राहिले. मेमरी मात्र वाढत गेली, कारण घरी गेलेल्या क्लार्कची सेशनंही आता रात्रीपर्यंत जिवंत राहत होती. सभासदांच्या पैशावर ही उधळपट्टी मला पटेना.

एरर पकडणाऱ्या फिल्टरमध्ये मी रिक्वेस्टच्या इजरिक्वेस्टेडसेशनआयडीव्हॅलिड या, सेशन अजून वैध आहे का ते सांगणाऱ्या, मेथडचं उत्तर लॉगमध्ये छापायला लावलं. जवळजवळ दरवेळी ‘ट्रू’. म्हणजे सेशन ठणठणीत, माणूस लॉगिन झालेला, तरी पान सापडत नाही!

खरा गुन्हेगार 15 हा आकडा. मोजारा एका सेशनमध्ये गेटने (साध्या लिंकने किंवा पत्ता टाकून) उघडलेल्या 15 च पानांची स्टेट ठेवतो. सेटिंगचं नाव नंबरऑफलॉजिकलव्ह्यूज. सोळावं फॉर्मचं पान उघडलं की सगळ्यात जास्त वेळ हात न लागलेलं पान बाहेर. आता काउंटरवरचं काम बघा. एका टॅबमध्ये हप्त्याचा फॉर्म अर्धा भरलेला, सभासद पासबुक आणायला गेलेला. तोवर क्लार्क दुसऱ्या टॅबमध्ये रांगेतल्यांची खाती एकामागून एक उघडतोय. टॅब दोनच, पण प्रत्येक खातं म्हणजे नवा गेट. थोड्या वेळात पहिला फॉर्म मेलेला असतो, आणि स्क्रीनवर मात्र तो जसाच्या तसा दिसत असतो. भरलेलं सगळं पुन्हा टाइप करायचं, तेही समोर रांग असताना. 15 हा आकडा मूळ ठरवताना असं काउंटर कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं, एवढं नक्की.

नंबरऑफव्ह्यूजइनसेशन ही वेगळी सेटिंग, तीही 15, पण ती अजॅक्स नसलेल्या पोस्टसाठी, म्हणजे फॉर्म पाठवून अख्खं पान नव्याने येतं तेव्हासाठी. नावावरून लोक तीच वाढवतात आणि हात हलवत परत येतात. शिवाय व्ह्यूस्कोप्ड बीनसाठी (एक पान उघडं असेपर्यंत त्याचा डेटा धरणाऱ्या ऑब्जेक्टसाठी) तिसरी मर्यादा आहे, 25. नंबरऑफलॉजिकलव्ह्यूज 40 केली आणि ही तिसरी तशीच ठेवली तर पान सापडतं पण बीन कोरं मिळतं, जे एररपेक्षा वाईट. या दोन्ही सोबत वाढवा. आम्ही दोन्ही 40 केल्या, मुदत परत 30 मिनिटांवर आणली, आणि आहे त्याच रॅमवर काम चाललंय.

सुरुवातीला माझं मत होतं की स्टेट सरळ क्लायंटवर, म्हणजे ब्राउझरकडे, टाकावी. ते आता बदललंय. प्रत्येक पोस्टबरोबर एन्क्रिप्ट केलेला तो लांबलचक हिडन फील्ड ये-जा करतो, आणि तालुक्याच्या शाखेतल्या लाइनवर ते जाणवतं. एन्क्रिप्शनची की स्वतः ठरवून दिली नाही तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर उघडी पानं बाद होतात. आणि व्ह्यूस्कोप्ड बीन तरीही सेशनमध्येच राहतं, म्हणजे सेशन संपलं की सगळं गेलंच.

एका गोष्टीने मात्र मन जिंकलं: 2013 च्या जेएसएफ 2.2 पासून मिळालेलं एफ-व्ह्यू टॅगचं ट्रान्झियंट हे सेटिंग, ज्याने त्या पानाची स्टेट जपलीच जात नाही. लॉगिनच्या पानावर ते ‘ट्रू’ केलं आणि सकाळी रात्रभर उघड्या राहिलेल्या पानावरून लॉगिन करताना येणारा एरर कायमचा गेला. व्ह्यूस्कोप्ड बीन तिथे चालत नाही, पण लॉगिनला ते लागतंच कशाला?

राग अजून एकाच गोष्टीचा आहे. सेशन संपलं, जागा भरून पान बाहेर पडलं किंवा ब्राउझरने कॅशमधलं जुनं पान दाखवलं, तिन्हीला तोच एक्सेप्शन आणि तेच वाक्य: व्ह्यू रिस्टोअर करता आला नाही. सेशनच नाही आणि सेशन आहे पण पान नाही, एवढा फरक तरी त्या वाक्यात हवा होता. तो येईपर्यंत फिल्टरमधली ती लॉगची ओळ मी प्रत्येक जेएसएफ प्रोजेक्टमध्ये पहिल्या दिवशीच टाकतो.