एअरबॅग फुटल्यानंतरची गाडी: नऊ महिन्यांचा अनुभव

ज्या वस्तूचा हा अनुभव लिहितोय ती नऊ महिन्यांत मी एकदाही वापरलेली नाही, आणि तशी वेळ येऊ नये एवढीच इच्छा आहे. तरी लिहितोय, कारण एअरबॅग फुटलेली गाडी पुन्हा चालवण्याजोगी करायची म्हणजे काय काय करावं लागतं, हे मला आधी कोणी धड सांगितलं नव्हतं.

अपघात साधाच. पुढच्या ट्रकने ब्रेक मारला, माझा पाय उशिरा पडला. समोरच्या दोन्ही एअरबॅग उघडल्या. उघडताना मात्र मला काही दिसलं नाही. पिशवी साधारण ३० मिलिसेकंदांत फुगते, पापणी लवायलाही त्याहून जास्त वेळ लागतो. दिसली ती स्टिअरिंगवर लोंबणारी रिकामी पिशवी, कारण आतला गॅस मागच्या भोकांतून लगेच निघून जातो. कानात शिट्टी वाजत होती, मनगटाजवळ घासून भाजल्यासारखा लाल पट्टा उठला होता आणि गाडीभर पांढुरका धूर. मला वाटलं, आग लागली. आग नव्हतीच. पिशवी घडीतून झटकन सुटावी म्हणून तिला टॅल्क किंवा मक्याच्या स्टार्चची पूड लावतात, त्यात गॅस तयार करणाऱ्या रसायनाचा धूर मिसळलेला. त्याने डोळे नि घसा चुरचुरतो. दमा असलेल्याने तर आधी बाहेर पडावं. मी डोळे चोळले आणि दोन तास पस्तावलो. हात-तोंड पाण्याने धुवायचं, बस्स. पिशवीच्या मुळाशी असलेला धातूचा भागही काही वेळ तापलेला असतो.

इंजिन सुरू होत होतं. फोनवर एक गॅरेजवाला म्हणालाही, "हळूहळू चालवत आणा." मी गाडी उचलून नेली. पिशवी गेलीच होती, पण त्याच धडकेत सीटबेल्टचे प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट झटकन आवळणारे भाग, तेही उडाले होते आणि बेल्ट ताठ अडकून बसला होता. चालवत नेताना वाटेत आणखी एक ठोकर बसली असती तर मला अडवायला काही नव्हतं.

त्याच गॅरेजमध्ये पहिला धडा मिळाला. "नवीन कशाला घेताय? डॅशबोर्ड भरून देतो, दिवा घालवतो." एअरबॅगमधला बिघाड दाखवणारा मीटरमधला दिवा असा घालवणं काय असतं ते मी नंतर समजून घेतलं. गाडीचा एअरबॅगचा कंट्रोल युनिट प्रत्येक पिशवीच्या सर्किटचा रेझिस्टन्स मोजत असतो, तो जेमतेम दोन-तीन ओहम असतो. तिथे तेवढ्याच ओहमचा छोटासा रेझिस्टर जोडला की युनिटला वाटतं, पिशवी जागेवर आहे. वर झाकण चिकटवायचं, मागे पोकळी. काही महाभाग तेवढेही कष्ट घेत नाहीत, मीटरमधला दिवाच बंद करतात. म्हणून जुनी गाडी बघताना इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगचा दिवा लागतोय आणि काही सेकंदांत आपोआप विझतोय का, ते बघा. लागलाच नाही तरी शंका घ्या. पण रेझिस्टरवाली गाडी ही परीक्षा आरामात पास होते, तेव्हा विझलेल्या दिव्यावर जीव टाकू नका.

मी दुसरीकडे गेलो. काही खोलायच्या आधी विमा कंपनीला कळवलं, सर्व्हेअरने बघितलं, मग काम सुरू. दोन पिशव्या बदलल्या की झालं, असा माझा समज होता. यादी भलतीच निघाली: दोन्ही एअरबॅग, पुढचे दोन्ही बेल्ट, पुढचा धडकेचा सेन्सर, कंट्रोल युनिट, स्टिअरिंगमधली क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंग फिरलं तरी एअरबॅगची जोडणी टिकवणारी गुंडाळलेली पट्टी) आणि अख्खा डॅशबोर्ड. शेजारच्या सीटची पिशवी डॅशबोर्ड फाडूनच बाहेर येते आणि जाता जाता काचेला तडा देऊन जाते, त्यामुळे काचही गेली. कंट्रोल युनिटमध्ये धडकेची नोंद कायम राहते. ती पुसून तोच युनिट परत बसवणारे आहेत, माझ्या गाडीच्या कंपनीची सूचना बदलण्याची होती, मी बदलला.

भंगारातल्या गाडीची न फुटलेली एअरबॅग स्वस्त मिळते. मोह झाला, पण एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी ताकाता आठवली. त्यांच्या काही इन्फ्लेटरमधलं (पिशवी फुगवणारा गॅस तयार करणाऱ्या डबीतलं) अमोनियम नायट्रेट उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं खराब होत गेलं आणि पिशवी उघडताना धातूच्या डबीचेच तुकडे अंगावर उडाले. जगभर कोट्यवधी एअरबॅग परत बोलवाव्या लागल्या, २०१७ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. भंगारातली पिशवी त्यातली नाही, पाण्यात बुडालेल्या गाडीतली नाही, हे कोण सांगणार?

आता वापराचं. पहिला महिना मी रोज दिव्याकडे टक लावून बसायचो. दुसऱ्या महिन्यात तो लागला आणि विझेचना. धस्स झालं. निघालं काय, तर सीटखाली कोंबलेल्या सामानाने तिथला एअरबॅगच्या वायरींचा पिवळा कनेक्टर सैल झाला होता. पाच मिनिटांचं काम, पण ते मी स्वतः केलं नाही. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत थोडा वेळ वीज साठून राहते, म्हणून मेकॅनिकही बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबतो आणि मगच त्या वायरींना हात लावतो. चौथ्या महिन्यात स्टिअरिंग वळवताना खरखर यायला लागली. क्लॉक स्प्रिंग नीट मध्यावर बसली नव्हती, वॉरंटीत बदलून मिळाली. एरवी तक्रार नाही.

सवयी बदलल्या. छाती आणि स्टिअरिंगमध्ये २५ सेंटिमीटर तरी अंतर ठेवतो, डॅशबोर्डवर शोभेची वस्तू नाही, सीटमधली बाजूची एअरबॅग झाकणारं कव्हर काढलं. बायकोने पाय डॅशबोर्डवर ठेवले की मी बघतो, ती खाली घेते.

पुन्हा करीन का? छताच्या पडदा-एअरबॅगही उघडल्या असत्या तर नाही. मग छताचं अस्तरही उतरवावं लागतं, तेव्हा विमा कंपनीने गाडी टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी, ठरवलेली परवडते.

पार्ट नंबर असलेली बिलं, स्कॅनरचा रिपोर्ट आणि नवी पिशवी बसवतानाचे फोटो असं सगळं एका फायलीत लावून ठेवलंय. मागच्या महिन्यात एक जण गाडी बघायला आला, तेव्हा मोठ्या अभिमानाने फाइल पुढे केली. त्याने ती बॉनेटवर ठेवली आणि टायर दाबून बघितले.