व्यावसायिक स्वयंपाकघराची सखोल स्वच्छता आणि तपासणी : एका सेवेचे परीक्षण

आमच्या व्यावसायिक स्वयंपाकघराची डीप क्लीनिंग आणि त्यानंतरची जंतुतपासणी ही दोन्ही कामे एकाच करारात करून देणारी सेवा आम्ही नुकतीच घेतली. ओटे पुसणे, भांडी घासणे, फरशी धुणे हे आमचे कर्मचारी रोज नेटाने करतात. प्रश्न होता तो त्यांचा हात आणि नजर जिथे पोहोचत नाही अशा जागांचा. त्या बाबतीत ही सेवा उत्तम ठरली, तपासणीच्या बाबतीत मात्र आम्हाला बराच आग्रह धरावा लागला.

सर्वांत समाधान दिले ते चिमणीच्या कामाने. हूडच्या, म्हणजे शेगडीवरच्या धूर ओढणाऱ्या झाकणाच्या, जाळ्या कोणीही धुतो, पण तेलाची वाफ जाळीतून निसटून पुढच्या डक्टमध्ये, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत, थंड होते आणि तिथे मेणचट थर साचत जातो. शेगडीवरची ज्वाळा वर ओढली गेली की हाच थर पेट घेतो. या मंडळींनी डक्टची झाकणे उघडून थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजली, थर आधी खरवडला, मग रसायन लावले, पंख्याची पातीही सोडली नाहीत आणि शेवटी त्याच ठिकाणी पुन्हा मोजमाप घेऊन छायाचित्रांसह नोंद दिली. जाळ्या कोणत्या धातूच्या आहेत हे त्यांनी रसायन निवडण्यापूर्वीच विचारले, कारण कॉस्टिक सोडा असलेले द्रावण अॅल्युमिनियमला खाते. एवढ्या एका प्रश्नावरून समोरच्या माणसाला काम येते की नाही हे कळते.

कामाचा क्रमही योग्य होता. जंतुनाशक चिकट पृष्ठभागावर मारले तर त्याची शक्ती चरबी आणि अन्नकणांवरच खर्च होते, म्हणून आधी साबणाच्या द्रावणाने घासणे, मग धुणे आणि त्यानंतरच जंतुनाशक, हे त्यांनी काटेकोरपणे पाळले. द्रावणाची तीव्रता त्यांनी चाचणीपट्टीने पाहिली आणि लेबलवर सांगितलेला वेळ पृष्ठभाग ओला ठेवला. घाईत फवारून लगेच फडका मारणारेच अधिक भेटतात. सांडपाण्याच्या मोऱ्यांवर त्यांनी जोराच्या पाण्याचा झोत मारला नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. अशा झोताने उडणाऱ्या बारीक थेंबांबरोबर मोरीतले जंतू ओट्यावर येऊन बसतात आणि त्यांत लिस्टेरिया हा अन्नातून आजार पसरवणारा जीवाणू असेल तर तो फ्रीजच्या थंडाव्यातही वाढत राहतो.

आता तपासणीविषयी. जागच्या जागी होणारी चाचणी एटीपी या पदार्थाची असते. तो सजीव पेशींत आणि अन्नाच्या अवशेषांतही असतो. काजव्यात आढळणाऱ्या ल्युसिफरेज या विकराशी त्याचा संयोग झाला की प्रकाश निर्माण होतो आणि यंत्र तो मोजून काही सेकंदांत आकडा दाखवते. पृष्ठभाग नीट घासला गेला आहे का, एवढे यावरून कळते. तिथे कोणता जंतू आहे हे या आकड्यावरून कळत नाही, विषाणू तर त्यात दिसतच नाहीत, आणि एका कंपनीच्या यंत्राचा आकडा दुसऱ्या कंपनीच्या आकड्याशी ताडून पाहता येत नाही. हे सारे आम्हाला आपणहून सांगितले गेले नाही.

शिवाय नमुन्याच्या जागा त्यांनीच निवडल्या आणि त्या होत्या ओट्याचा मधला भाग, हात धुण्याचे बेसिन अशा सहज स्वच्छ होणाऱ्या. आम्ही फ्रीजच्या दाराच्या रबराच्या घड्या, डबे उघडण्याच्या यंत्राचे पाते, बर्फ बनवणाऱ्या यंत्राचा आतला भाग आणि स्लायसरच्या (काप करणाऱ्या यंत्राच्या) पात्यामागची खाच तपासायला लावली, तेव्हा स्लायसर अनुत्तीर्ण झाला. येथे मात्र त्यांचे कौतुक करावेसे वाटते : कोणताही वाद न घालता त्यांनी यंत्राचा प्रत्येक भाग सुटा करून पुन्हा स्वच्छ केला आणि पुन्हा चाचणी घेतली.

प्रयोगशाळेत पाठवलेल्या स्वॅबचा, म्हणजे पृष्ठभागावरून नमुना टिपणाऱ्या बोळ्याचा, अहवाल ही सर्वांत कच्ची बाजू. त्यात प्रत्येक जागेपुढे केवळ ‘समाधानकारक’ असा शेरा होता; प्रति चौरस सेंटिमीटर जंतूंच्या किती वसाहती आढळल्या हे आम्ही मागितल्यावरच मिळाले. स्वॅबमध्ये जंतुनाशकाचा परिणाम थांबवणारे द्रावण होते की नाही, हेही अहवालात लिहिलेले नव्हते. ते नसेल तर पृष्ठभागावरून आलेले जंतुनाशक नमुन्यातले जंतू वाटेतच मारते आणि आकडा खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. स्वच्छता करणाऱ्यानेच आपल्या कामाची परीक्षा घेण्यातली अडचण इथे स्पष्ट होते.

वेळेचे पालन, सामानाची पुन्हा जुळणी आणि कर्मचाऱ्यांची वागणूक याबाबत तक्रारीला जागा नाही. पुढच्या वेळी स्वच्छतेसाठी आम्ही याच मंडळींना बोलावणार आहोत. स्वॅब मात्र स्वतंत्र प्रयोगशाळेचा माणूस घेईल आणि जागांची यादी आमची असेल.