मेल फिल्टरची माहिती: मेमरीत ठेवावी की डेटाबेसात?

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचा स्वतःचा मेल सर्व्हर मी सांभाळतो. पावसाळ्यात एका दुपारी लाईट गेली, यूपीएसनं दहा मिनिटांत मान टाकली. लाईट आल्यावर मालकांचा फोन: "ओटीपीचा मेल येईना झालाय, बगा की जरा."

मेल हरवला नव्हता. ग्रेलिस्टिंग म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला आधी परत पाठवायचं आणि तो पुन्हा आला तर मेल घ्यायचा. त्यातली ओळखीच्यांची यादी (ग्रेलिस्ट) मी नुसती मेमरीत ठेवली होती, ती लाईटीबरोबर गेली. रोजचा बँकेचा सर्व्हरही फिल्टरला परका वाटला आणि त्यानं त्याला "नंतर या" म्हणून परत पाठवलं. पोस्टग्रे या ग्रेलिस्टिंगच्या प्रोग्राममध्ये हा थांबा मुळातच 300 सेकंदांचा असतो. पाठवणारा पुन्हा कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. ओटीपी तोवर शिळा.

तरीही ग्रेलिस्ट मेमरीत ठेवायला माझी हरकत नाही. गेली तर थोडे दिवस काही मेल उशिरा येतात, यादी आपोआप पुन्हा भरते. कोणाकडून तासाला किती मेल आले ही मोजणी तर मेमरीतच शोभते. कालचा आकडा आज कोण विचारतो?

बेझ म्हणजे शिकवलेल्या मेलमधल्या शब्दांवरून स्पॅम ओळखायची पद्धत. तिच्या शब्दसाठ्याचं तसं नाही. स्पॅमअसॅसिन या स्पॅम फिल्टरचा बेझ 200 स्पॅम आणि 200 चांगले मेल शिकल्याशिवाय तोंडच उघडत नाही. आणि आमचे चांगले मेल म्हणजे कोल्हापूरच्या डीलरची मराठी ऑर्डर, बेंगळुरूहून आलेलं कन्नड परिपत्रक, पुण्याच्या गिऱ्हाइकाचं इंग्रजी ड्रॉइंग. ही तीन भाषांची शिकवणी कुठून डाउनलोड करणार? ती डेटाबेसातच हवी. बॅकअप सोपा, शिवाय निपाणीच्या शाखेतला दुसरा सर्व्हरही त्याच साठ्यातून शिकतो. एका मेलमागे शेकडो शब्द तपासताना जुनी हार्ड डिस्क धापा टाकते हे खरं, पण दिवसाला दोन-तीनशे मेलना ते जाणवत नाही.

रेडिस हा डेटाबेस म्हणजे मधला मार्ग. माहिती मेमरीत, नोंद डिस्कवरही. आरस्पॅमडी हा दुसरा स्पॅम फिल्टर बेझ त्यातच ठेवतो. स्पॅमअसॅसिनलाही 2014 च्या 3.4.0 पासून तो चालतो. दर सेकंदाला डिस्कवर लिहायला लावलं तर लाईट गेल्यावर साधारण शेवटच्या सेकंदाचंच नुकसान. मात्र ती सोय मुळात बंद असते, आपण चालू करायची. आणि सगळा साठा रॅममध्ये मावला पाहिजे. 4 जीबीच्या मशीनवर क्लॅमएव्ही हा व्हायरस तपासणारा प्रोग्राम एकटाच एक जीबीच्या वर खातो.

फाउंड्रीत आता ग्रेलिस्ट रेडिसमध्ये आणि बेझ मारियाडीबी या डिस्कवरच्या डेटाबेसात आहे. यूपीएसची बॅटरी मालकांनी अजून बदललेली नाही.